शब्दचर्चा: शेंडा थांबणाऱ्या काकडीला काय म्हणायचं?

पाटपाणी: बियाण्यांच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. काकडीच्या काही वाणांत मुख्य खोडाचा शेंडा थोड्या पेरांनंतर फुलात संपतो, वाढ थांबते. बाकीच्यांत शेंडा वाढतच राहतो. मूळ शब्द डिटरमिनेट आणि इनडिटरमिनेट. मी ‘झुडपी’ आणि ‘वेलाची’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ‘निर्धारित’ आणि ‘अनिर्धारित’ करून परत पाठवलं. शेतकऱ्याला यातून काय कळणार?

बांधावरून: टोमॅटोला ‘मर्यादित वाढ’, ‘अमर्यादित वाढ’ म्हणतातच की. तेच घ्या.

रानवाट: भुईमुगाला आपल्याकडे उपटी, पसरी, निमपसरी हे शब्द कधीपासून आहेत! ‘उपटी काकडी’ म्हणा, गावात लगेच कळेल.

पेरकूट: नाही कळणार. उपटी-पसरी हा फांद्या कशा पसरतात याचा भेद आहे, शेंड्याचा नाही. ताई, तुमच्या ‘झुडपी’लाही माझा विरोध आहे. काकडीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत शेंडा थांबतो, ते डी-ई जनुक. दुसरीत शेंडा चालू राहतो, पण पेरं आखूड पडतात आणि वेल बुटका राहतो, ते सी-पी जनुक. दोन्ही अप्रभावी. म्हणजे उंच आणि थांबणारा यांचा संकर केला तर पहिली पिढी सगळी लांब, दुसऱ्या पिढीत साधारण तीनास एक. ‘झुडपी’ म्हटलं की दोन्ही एकाच टोपलीत जातात. मेंडेलचा बुटका वाटाणा (त्याने ७८७ उंच आणि २७७ बुटके मोजले) हाही आखूड पेरांचा. शाळेत तोच शिकल्यामुळे आपण थांबणाऱ्यालाही बुटकाच समजतो.

बांधावरून: आणि टोमॅटोचं?

पेरकूट: टोमॅटोतलं थांबणं १९१४ साली फ्लोरिडात सापडलं. त्या जनुकाचं नाव ‘सेल्फ-प्रूनिंग’, म्हणजे शेंडा आपोआप खुडला जातो. काकडीचं डी-ई त्याच जनुककुळातलं आहे. हे जनुक शाबूत असलं तर शेंड्याला फूल होण्यापासून रोखतं. बिघडलं की शेंडाच फूल होतो. ‘आपखुडी’ म्हणा.

शुद्धमती: ‘आपखुडी’ कुठल्या कोशात आहे? उद्या कुणीही काहीही जोडेल. ‘निर्धारित’मध्ये निदान धातू कळतो.

रानवाट: कोशात नंतर येतो शब्द, आधी शेतात येतो. ‘निर्धारित’ ऐकून मला सरकारी दर आठवतो.

तवसोळी: आमच्या आजीच्या घरी तवशाचा वेल कौलांवर चढायचा आणि गणपतीपर्यंत थांबायचं नाव नाही. तवसं हा शब्द संस्कृत ‘त्रपुस’वरून आला. काकडी ‘कर्कटी’वरून.

रानवाट: आणि वाळूक वाळूवरून! नदीच्या वाळवंटात लावायचे म्हणून.

शुद्धमती: अजिबात नाही. संस्कृतात ‘वालुकी’ आहेच.

रानवाट: मग ‘वालुकी’ कशावरून? ‘वालुका’ म्हणजे वाळूच ना?

तवसोळी: एक विचारते. सगळे ‘वेल चढला’ लिहिताय, मीही लिहिलं. पण सासरी ‘वेल चढली’ म्हणतात.

बांधावरून: ती वेलच. अनेकवचन ‘वेली’ होतं ना?

तवसोळी: आमचं अनेकवचनही ‘वेल’च. दारचे दोन वेल.

पाटपाणी: मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय. मी सध्या ‘शेंडा थांबणारी’ आणि ‘शेंडा वाढत राहणारी’ लिहितेय, ‘आखूड पेरांची’ वेगळी. लांबलचक आहे, पण चुकीचं तर नाही ना?

शुद्धमती: हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे.

पेरकूट: चुकीचं नाही.

रानवाट: वेल पुल्लिंगीच. संस्कृत ‘वल्ली’ स्त्रीलिंगी असली तरी.