मदत हवी आहे: शेजारचे काका शुक्रवारी रात्री दार वाजवतात, पण काय हवंय ते सांगत नाहीत!

वैतागलेला_बाब्या:
लोकहो पटकन सांगा, उद्या परत शुक्रवार आहे. समोरच्या फ्लॅटमधले काका, सत्तरीचे असतील, हल्ली ऐन जेवणाच्या वेळेला दारावर थापा मारतात (बेल आहे, तिला हात लावत नाहीत) आणि म्हणतात "आमच्याकडे फार अंधार आहे हो". बस्स. काय करू विचारलं की नुसते हसतात. इलेक्ट्रिशियनला फोन लावू का म्हटलं तर दोन्ही हात हलवून नको नको. शेवटी मीच आत जाऊन बोर्डावरचा खटका वर ढकलतो, दिवे येतात, काकू केक पुढे करतात. माझ्यामुळे त्यांचा धर्म बाटतोय का? आणि सरळ का बोलत नाहीत? फालतू जोक नकोत.

सर्किटसम्राट:
बोर्डावरचा एमसीबी ब्रेकर पडतोय का आरसीसीबी ब्रेकर? एमसीबी असेल तर बहुतेक ओव्हरलोड, आरसीसीबी असेल तर कुठेतरी करंट लीक होतोय. बोर्डाचा फोटो टाक. बिल्डिंग किती जुनी आहे? पुण्यातच ना?

मेतकूट:
अहो धर्म कुठला, गाव कुठलं, काहीतरी लिहा की! ज्यू आहेत का ते?

वैतागलेला_बाब्या:
ज्यूच, अजून कोण. जेरुसलेमला राहतो मी, किर्यात मोशेत. कुठला ब्रेकर ते मला काय माहीत.

अशदोदचा_अलिबागकर:
बाब्या, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. तर ऐक. जेरुसलेमात शुक्रवारी सूर्यास्ताच्या ४० मिनिटं आधी मेणबत्त्या लावायची रीत आहे, तेव्हाचा भोंगा तू ऐकतच असशील. तिथपासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शाब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. मिश्नात (ज्यूंच्या धर्मनियमांचा जुना ग्रंथ) ३९ प्रकारची कामं वर्ज्य सांगितलीत, त्यात आग पेटवणं आहे आणि विझवणंही, आणि विजेचा खटका धार्मिक लोक त्याच बंदीत धरतात, म्हणून बेल नाही, फोन तर नाहीच. आता मुख्य मुद्दा, जे काम आपण करायचं नाही ते दुसऱ्या धर्माच्या माणसाला सांगून करून घेणंही मना आहे. म्हणून "खटका वर कर" हे काकांच्या तोंडून निघणार नाही. अडचण बोलून दाखवायला हरकत नाही, पण त्यातही कधी चालतं कधी नाही यावर रब्बींचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचे, बारीक बारीक भेद आहेत. तुझ्यावर यातलं कुठलंच बंधन नाही, तुझ्या हाताने काही बाटत नाही.

एक कर मात्र. आत गेलास की "मला काही दिसत नाहीये" म्हणून दिवे आण आणि तिथेच बसून तो केक खा. तू स्वतःसाठी लावलेल्या उजेडात त्यांना बसता येतं. फक्त त्यांच्यासाठी लावलास तर काटेकोर माणूस त्या उजेडाचा उपयोग करणार नाही.

तर्कट:
म्हणजे देवाला गंडवायचं. वकिली सगळी.

मेतकूट:
गंडवायचं काय त्यात? आमची आजी सोवळ्यात असली की हवेत बोलायची, "दूध उतू चाललंय वाटतं". ज्याला कळायचं तो उठायचा.

तर्कट:
तुमच्या आजीचं इथे काय काम? सोवळं शिवाशिवीचं, हे कामाचं. काहीही जोडता.

अशदोदचा_अलिबागकर:
तर्कट, गंडवणं असतं तर आजाऱ्यासाठी वेगळा नियम कशाला ठेवला असता? आजारी माणसासाठी बिगरज्यूला सरळ सांगता येतं. आणि कोणाच्या जिवावर बेतलं तर शाब्बाथ मोडायचाच, १०१ ला (रुग्णवाहिकेला) फोन करायचा, गाडी काढायची. विजेवर तर अजून वाद आहेत, बल्बची तार तापून लाल होते म्हणून ती आग असं बरेच रब्बी धरतात, बेने ब्राक गावचे रब्बी खझोन ईश (१८७८-१९५३) म्हणाले सर्किट जोडणं हे बांधकामात मोडतं, तेही त्या ३९ कामांतलंच. एलईडी आले, तार गेली, पण खटक्याला हात कोणी लावत नाही.

जुनाजाणता:
कॉलिन पॉवेल लहानपणी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हेच करायचे, ज्यू शेजाऱ्यांचे दिवे लावून द्यायचे. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. बाब्या, केक खात राहा.

विश्वभटक्या:
जेरुसलेमला शुक्रवारी दुपारनंतर बस आणि ट्राम बंद पडतात, टॅक्सीचं आधी बघून ठेवा. तेल अवीवमध्ये २०१९ पासून वीकेंडला फुकट बस सुरू झाल्यात, त्यामुळे हॉटेल तिकडेच घ्या.

वैतागलेला_बाब्या:
हॉटेलचं कोणी विचारलं?? मी इथे राहतो!

सर्किटसम्राट:
धर्मचर्चा झाली असेल तर माझ्याकडे बघा. ब्रेकर नेमका शुक्रवारीच का पडतो हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. काय काय चालू असतं त्यांच्याकडे?

वैतागलेला_बाब्या:
ओट्यावर पत्र्याची सपाट इलेक्ट्रिक शेगडी, त्यावर झाकलेली पातेली आणि वरून जुना टॉवेल, बाजूला उकळत्या पाण्याचा मोठा स्टीलचा डबा. थंडी सुरू झाल्यापासून खोलीत हीटर पण.

सर्किटसम्राट:
झालं! तिन्ही एका लाइनवर असणार. हीटर दुसऱ्या लाइनवर घ्या, शुक्रवारची कटकट बंद.

अशदोदचा_अलिबागकर:
बरोबर बोलतोय हा. शेगडी आणि पाणी भोंग्याआधीच लावून ठेवतात, शनिवारी स्वयंपाक करता येत नाही ना. हीटरला टायमर लावायचा, "शाऊन शबात" म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, वेळा शुक्रवारी दिवसाच लावून ठेवायच्या म्हणजे सगळं एकदम चालू राहत नाही. पण हे काकांशी रविवार-सोमवारी बोल, शाब्बाथला दुरुस्तीची, खरेदीची बोलणी करत नाहीत. आणि हो, त्यांच्या बाथरूममधून बाहेर पडताना सवयीने दिवा बंद करू नकोस, शनिवारी रात्रीपर्यंत तिथे अंधारच राहील.

तर्कट:
मग टायमर चालतो तर रोबो पण चालेल की.

मेतकूट:
अलिबागकर, तुमच्या मलिद्याची कृती टाका ना, पोहे भिजवून की कोरडे?

वैतागलेला_बाब्या:
मलिद्यासाठी दुसरा धागा काढा प्लीज. सम्राट, उद्या दुपारी काकांकडे जाऊन बोर्डाचा फोटो काढतो, भोंग्याच्या आधी. पट्ट्यांवर सगळं हिब्रूत लिहिलंय.

सर्किटसम्राट:
हिब्रू राहू दे, खटक्यावर आकडा असतो तो वाच. सी १६ आहे का सी २५, म्हणजे १६ अँपिअरचा की २५ चा?