मदत हवी आहे: घाट उतरल्यावर व्हील स्पेसर किती तापतात? नट ढिले सापडलेत

नमस्कार मंडळी,

मी कोपरखैरण्याला राहतो. आईच्या डोळ्यांचे उपचार पुण्यात चालू आहेत, त्यामुळे दर पंधरवड्याला गाडीने जाणं-येणं असतं. दिवाळीत गाडीला नवे अलॉय बसवले. पुढच्या चाकांचे स्पोक ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या चिमट्याला) घासत होते, म्हणून दुकानदाराने १५ मिमीचे अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) आणि लांब स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट) टाकून दिले. घासणं थांबलं, मीही निर्धास्त झालो.

गेल्या खेपेला जुन्या हायवेने बोरघाट उतरलो. पुढे एक कंटेनर रखडत चाललेला, त्यामुळे पूर्वी अमृतांजन पूल होता तिथपासून खाली येईपर्यंत पाय जवळजवळ ब्रेकवरच होता. खोपोलीत चहाला थांबलो तर पुढच्या चाकांतून करपल्यासारखा वास. तापमान बघायची इन्फ्रारेड गन डिकीत होती. डिस्क दाखवली २३०, स्पेसरची कड फक्त ४६. हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत सहज पाना लावला तर डाव्या चाकाचे ४ पैकी ३ नट पाव-पाव फेरा फिरले. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. त्याच चाकाच्या वरच्या सीटवर आई बसली होती.

माझा हिशोब असा. लोणावळा ते खोपोली उतार साधारण ५५० मीटर आणि माणसांसकट गाडी १२५० किलो. म्हणजे सुमारे ६७ लाख ज्यूल. ताशी ८० वरून एकदा पूर्ण थांबायला ३ लाखांच्या वर लागतात, म्हणजे हा घाट २१-२२ वेळा करकचून ब्रेक मारण्याइतका झाला. थोडी ऊर्जा इंजिन आणि वारा खातात, पण मी चौथ्या गिअरमध्ये होतो, म्हणजे बरीचशी डिस्कमध्येच गेली. स्पेसर तर डिस्कच्या टोपीला (मधल्या उंचवट्याला) चिकटून बसतो. मग तो ४६ वर कसा? आणि उष्णतेनेच नट सुटले का? ज्यांनी मोजून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

कळवेकर:
भाऊ, ४६ वर विश्वास ठेवू नका. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं, म्हणून गन कमी आकडा दाखवते. सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा रंग स्पेसरच्या कडेला रुपयाएवढा लावा, वाळू द्या आणि तिथेच नेम धरा. दुसरं, थांबल्या थांबल्या मोजून सोडून देऊ नका. गाडी चालत असते तोवर वारा टोपीला गार ठेवतो. उभी राहिली की डिस्कच्या कडेची उष्णता आत हबकडे (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाकडे) सरकते, त्यामुळे स्पेसरचा खरा वरचा आकडा ८-१० मिनिटांनी येतो.

पारसिकचा मिस्त्री:
मी ३० वर्षं चाकांचंच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा स्पेसर ६५ अंशांनी तापला. १५ मिमी अ‍ॅल्युमिनियम वाढेल ०.०२ मिमी, तेवढ्याच लांबीचा पोलादी स्टड तितकाच तापला तर ०.०१ मिमी. म्हणजे गरम असताना नट उलट जास्त आवळला जातो आणि गार झाल्यावर पहिल्या जागी येतो. तुमच्या स्टडचा आटा १.२५ मिमीचा असेल, म्हणजे एका फेऱ्यात नट तेवढा सरकत असेल, तर पाव फेरा म्हणजे ०.३ मिमी. उष्णतेचा हिशोब त्याच्या जवळपासही जात नाही. मधे काहीतरी दबलंय. गंज, रंग नाहीतर हबवर राहिलेली खपली. गाडीला घाटात धक्के बसले, ती चुरा झाली, नट मोकळे. चाक काढा आणि हबचं तोंड बघा. नट हाताने किती फेरे आत जातो तेही मोजा. १२ मिमीच्या स्टडवर किमान १० फेरे हवेत. आणि तापलेल्या चाकाचे नट कधीही आवळू नका, गार झाल्यावर पकड कमी होते.

मूळ लेखक:
दादा, काका, दोघांचेही मनापासून आभार. रविवारी पुन्हा घाट उतरलो, या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये आणि मधे मधे पाय सोडत. डिस्क १८५. स्पेसरवर काळा ठिपका ७१ आणि त्याच्याच शेजारचा चकचकीत भाग ३९! दहा मिनिटांनी ठिपका ८८ वर गेला, मग उतरू लागला. या जातीचं अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे ६०६१-टी६, कारखान्यात १६० ते १८० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून पक्कं करतात असं वाचलंय, त्यामुळे ८८ ने ते मऊ पडणार नाही एवढं समाधान.

चाक मात्र काल काढलं. डाव्या हबवर गंजाचं अर्धवर्तुळ होतं, नखाने खरवडलं तर पापुद्रे हातात आले. त्याचाच ठसा स्पेसरच्या पाठीवर उमटला होता, आणि उरलेल्या अर्ध्या भागात दुकानदाराने मारलेला काळा रंग चपटा होऊन चमकत होता. उजव्या बाजूला यातलं काहीच नाही. नट ११ फेरे बसतात. वायर ब्रशने दोन्ही हब धातू दिसेपर्यंत घासले, स्पेसरचा रंग थिनरने काढला, गार चाकावर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले. ६० किमी चालवून पुन्हा तपासले, एकही हलला नाही.

तरी डाव्या स्पेसरची दोन्ही तोंडं समांतर आहेत का ते बघायचं आहे, तोवर आईला घेऊन घाटात जाणार नाही, ट्रेननेच नेईन. रबाळे एमआयडीसीत एखाद-दुसरा नग मायक्रोमीटर आणि डायल लावून तपासून देणारा लेथवाला कुणाच्या माहितीत आहे का? बहुतेक जण एवढ्या छोट्या कामाला नाही म्हणतात.