मदत हवी आहे: लंडनमध्ये रात्री अकरानंतर लेडीज टॉयलेट?

मे महिन्यात आईबाबांना लंडन दाखवायला नेतेय, वेस्ट एंडला नाटक सुटेपर्यंत साडेदहा-अकरा होणार. तिथे रस्त्यात ते जमिनीतून वर येणारे युरिनल असतात ना, संध्याकाळी हायड्रॉलिकवर वर, सकाळी परत खाली, नुसतं गोल झाकण दिसतं. २०२३ ला केंब्रिज सर्कस चौकात तसल्याच एका युरिनलचं काम करताना एक माणूस दगावला, त्यानंतर बाकीचे चालू आहेत का? म्हणजे बाबांचं भागेल. पण ते ना दाराचं ना आडोशाचं, बायकांनी काय करायचं देव जाणे! चेअरिंग क्रॉस स्टेशनचं माहितीये, पण आईच्या गुडघ्यांना तेवढं चालवत नाही, पबमध्ये ती जाणार नाही, मॅपवर वेळा धड दिसत नाहीत. पैसे पडले तरी चालेल, फक्त जिने नकोत. सोहो किंवा कोव्हेंट गार्डनजवळ असं उशिरापर्यंत उघडं लेडीज टॉयलेट कुणी स्वतः वापरलंय का?