गावरान कोंबडीची उबवणीची अंडी खानापूरहून (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) पुण्याला पाठवायची आहेत

खानापूरकर: 30 अंडी आहेत. कुरिअर की एसटी? कागद काय लागतात?

निपाणी_पोल्ट्री: आधी बर्ड फ्लूची खबर घ्या. रोग सापडला की 1 किमी बाधित क्षेत्र आणि 10 किमीपर्यंत निगराणी क्षेत्र जाहीर होतं, अंड्यांची ने-आण अडते. तुमचं गाव आणि घेणाऱ्याचं, दोन्ही तपासा. सरकारी पशुवैद्याकडून आरोग्य दाखला घ्या. सीमेवर गाडी अडवली तर तोच कामी येतो. कुरिअरवाल्याला आत काय आहे ते सांगूनच द्या, काहीजण अंडी घेतच नाहीत.

चिकोडीचा पाटील: अंडी सात दिवसांच्या आतली, न धुतलेली. धुतलं की वरचा थर जातो, जंतू आत शिरतात. प्रत्येक अंडं गुंडाळून निमुळतं टोक खाली, मध्ये भुसा घट्ट. खोकं हलवल्यावर आवाज आला तर परत बांधा. एप्रिल-मेत पाठवूच नका राव, गाडीतल्या उन्हानं गर्भ अर्धवट वाढून मरतो.

निपाणी_पोल्ट्री: पोचल्यावर 24 तास टोक खाली ठेवून मगच उबवणीच्या मशीनमध्ये. धक्क्यानं अंड्यातली हवेची पोकळी सुटलेली असेल (बॅटरी लावून बघा, बुडबुडा हलतो) तर पहिले दोन दिवस फिरवायची नाहीत. पिल्लांची हमी मात्र देऊ नका, भरपाईची बोली फुटक्या अंड्यांपुरतीच करा.