मदत हवी आहे : सोरायसिस, झिंक आणि तांबं

वय ४१, सोरायसिस (खवले येणारा त्वचेचा आजार) कोपरांवर आणि डोक्यात. स्टेरॉईड मलम आणि कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखं, त्वचेवर लावायचं औषध) चालू आहे, ते बंद करायचं नाहीये. मधुमेह नाही, पोटाचा आजार नाही, दुसरी कुठली गोळी नाही.

रक्तातलं झिंक कमी आलं म्हणून डॉक्टरांनी झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम रोज एक दिली, म्हणजे प्रत्यक्ष झिंक साधारण ५०. आठ आठवडे झाले. खाज थोडी कमी वाटते, खवले तसेच. मळमळ व्हायची, जेवणानंतर घेतल्यावर थांबली.

अडचण अशी, की दाह (इन्फ्लमेशन) असताना झिंक रक्तातून यकृतात ओढलं जातं, त्यामुळे आकडा कमी दिसला तरी ती खरी कमतरता असेलच असं नाही. माझी तपासणी नेमकी आजार भडकलेला असताना झाली, सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) सोबत केलं नव्हतं. शिवाय जास्त झिंकमुळे तांब्याचं शोषण घटतं, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. पण दाहात सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) वाढतं, म्हणजे तांब्याचा रिपोर्ट फसवा नॉर्मल येऊ शकतो!

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची भेट आहे, तोवर गोळी चालूच. जाणकारांनी कृपया सांगावं : झिंकसोबत सीआरपी, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), तांबं आणि हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) एकाच वेळी करून घेतलं तर पुरेल का? आणि दाह चालू असताना तांबं खरंच घटलंय हे ओळखायचं कसं?