महापेच्या हॉटेलातलं भूत

छातीवर कुणीतरी बसलंय, डोळे उघडे पण हात हलत नाही, असा भुताचा अनुभव बरेच जण सांगतात; नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीजवळच्या हॉटेलात तो मलाही आलाय. ओरडायला जावं तर आवाज फुटेना! हा बहुधा स्लीप पॅरालिसिस. मेंदू जागा होतो, पण स्वप्नांच्या झोपेत लुळे पडलेले स्नायू काही क्षण तसेच राहतात. अपुरी झोप आणि उताणं झोपणं, दोन्हींनी शक्यता वाढते. शिवाय परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग जास्त सावध राहतो, हे ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय. ऑफिसच्या दौऱ्यावर भुतांची चंगळच म्हणायची.

आणि हॉटेलात रात्री ऐकू येणारी भिंतीतली ठकठक? शेजारी कुणी नळ झटकन बंद केला की पाइपात पाणी आदळतं.

चेकआउटला रिसेप्शनवरचा पोरगा म्हणाला, "ती खोली आम्ही सगळ्यात शेवटी देतो, साहेब." आधी सांगायला काय झालं होतं!