काच ‘आपोआप’ फुटली? अनुभव लिहा

कुणाचा हात लागला नाही, धक्का बसला नाही, तरी काच फुटली. आणि खापर मात्र जवळ असलेल्या माणसावर! असे अनुभव इथे लिहा. तडा कुठून निघाला, तुकडे कसे पडले हे आठवत असेल तर तेही लिहा; कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

*

आमच्या बाथरूमचा काचेचा दरवाजा मध्यरात्री फुटला. चोर शिरला असं वाटावं एवढा आवाज. कंत्राटदार म्हणतो, कुणीतरी आपटला असणार. सगळे झोपले होते हो! जवळजवळ सगळा चुराच झाला, पण दोन जरा मोठे तुकडे एकमेकांना चिकटून राहिले होते, फुलपाखराच्या पंखांसारखे.

*

मी काचा बसवतो, म्हणून त्या फुलपाखराबद्दल लिहितो. असे दरवाजे टफन, म्हणजे मुद्दाम कणखर केलेल्या, काचेचे असतात. ती करताना काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटपट थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून आकसतो. त्यामुळे बाहेर दाब आणि आत ताण कायमचे कोंडले जातात. आत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला असेल तर तो काही महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा फुगतो, आणि ताणाच्या भागात असला तर काच फोडतो. त्या दोन तुकड्यांच्या जोडरेषेवर भिंगातून ठिपका दिसतो का बघा. दिसला तर घरच्यांची सुटका.

पण माझ्या पाहण्यात कणापेक्षा कडाच जास्त दोषी असतात. बिजागरीचा स्क्रू थेट काचेला टेकलेला, नाहीतर बसवताना कोपरा फरशीवर ठेवलेला. टफन काच मधोमध बराच मार सोसते, कोपऱ्यावर नाही.

*

उकळतं पाणी ओतल्यावर जाड बुडाचा ग्लास तडकला, पातळ काचेचा टिकला. असं उलटं कसं?

*

उलटं नाही. जाड काचेची आतली बाजू तापून पसरते, बाहेरची थंडच राहते आणि ओढली जाते. काच दाब भरपूर सोसते, ओढ सोसत नाही. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून आमची चंचुपात्रं तापवता येतात. तरी ओरखडा पडलेलं चंचुपात्र मी तापवायला घेत नाही. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ च्या निबंधात चिरांवरूनच काचेच्या कमकुवतपणाचा हिशोब मांडला. काचनळी तोडताना आम्ही कानशीने खूण करून तिच्यावर पाण्याचा थेंब लावतो. चिरेच्या टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडायला पाणी मदत करतं. हवेतली वाफही तेच करते, फक्त सावकाश. म्हणून भार तेवढाच असूनही काच आज टिकते आणि पुढे कधीतरी अचानक जाते.

*

थंडीतल्या सकाळी खिडकीची काच तडकली. दगड नाही, वारा नाही. तडा चौकटीच्या कडेपासून काटकोनात निघून पुढे वाकडातिकडा गेला होता. काचेचा मधला भाग उन्हाने तापला, कड चौकटीत गार राहिली. आतून काळा कागद चिकटवलेला होता, त्याने भरच घातली.

*

गाडीच्या पुढच्या काचेला खडा लागून छोटा खळगा पडला. ती काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिक, त्यामुळे तुकडे उडत नाहीत. पण तडा धावू शकतो. लगेच त्यात रेझिन (घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव) भरून घेतलं. खळगा अजून दिसतो, तडा गेलेला नाही.